उद्यानातली सामूहिक भाजीबाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या वसाहतीच्या उद्यानात कुंपणालगतच्या पट्ट्यावर आम्ही शेजारीपाजारी मिळून भाजी पिकवतो. फिरायला येणारे लोक थांबून विचारतात, काही फोन करतात, काही लांबलचक निरोप पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं गोव्याचा पाऊस आणि गोव्याची माती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, कारण घाटावरचं पेरणीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. आमचं एक ठाम मत आधीच सांगतो: गोव्यात भाजीबागेचा मुख्य हंगाम पावसाळा आहे. खालची बरीच उत्तरं त्या मतावरच उभी आहेत.

1. सामूहिक बाग म्हणजे प्रत्येकाला आपापला वाफा मिळतो का?

नाही. वाफे सगळ्यांचे आहेत. प्रत्येक वाफ्याची देखरेख दोन घरांकडे असते, म्हणजे एक घर गावी गेलं तरी दुसरं पाहतं. स्वतंत्र वाफे दिले की चवथीला (गणेशचतुर्थीला) कुणी आठ-दहा दिवस गावी जातं, तेवढ्यात त्या वाफ्यात गवत माजतं आणि तिथली कीड शेजारच्या भेंडीवर जाते. पावसाळ्यात तण वाढायला आठवडा पुरतो. जमीन पालिकेची आणि उद्यान सर्वांचं, त्यामुळे वाफ्यांमधल्या वाटा फिरणाऱ्यांसाठी कायम मोकळ्या ठेवतो आणि कुलूप फक्त अवजारांच्या पेटीला असतं.

2. आम्ही भाड्यानं राहतो, मूळचे गोव्याचे नाही. आम्ही येऊ शकतो का?

जरूर या. इथे घराचा उतारा कुणी मागत नाही. रविवारी सकाळी दोन तास काम आणि आठवड्यात एकदा आपल्या वाफ्यावर फेरी, एवढीच अट. बाहेरून आलेल्या शेजाऱ्यांमुळे बागेला खूप काही मिळालं आहे. वेलींचे मांडव बांधणं, बी राखेत घोळवून ठेवणं, पालेभाजी खुडताना कुठून खुडायची म्हणजे पुन्हा फुटते, ही माहिती शेतावर वाढलेल्या माणसांकडे असते आणि शहरात आल्यावर ती त्यांना कुणी विचारत नाही.

3. बेळगावची भाजी कोपऱ्यावर मिळते, तीही सवलतीत. मग एवढी मेहनत कशाला?

गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, आणि राज्याच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवर ती कमी दरात मिळते हे खरं. कोबी, फ्लॉवर, बटाटा आम्ही लावतच नाही. लावतो ते गाळ्यावर क्वचित दिसणारं किंवा येईपर्यंत शिळं होणारं: तांबडी भाजी, अळू, घोसाळी, अळसांदे (गोव्याची चवळी), मुळ्याचा कोवळा पाला, आणि सात शिरांची लांब फिकट हिरवी भेंडी. सकाळी खुडलेली तांबडी भाजी दुपारच्या जेवणात असते, तिच्यासाठी घाट उतरावा लागत नाही. किलोच्या भावात हिशेब मांडलात तर ही बाग परवडणार नाही, हे आम्ही प्रत्येकाला स्पष्ट सांगतो.

4. मला यातलं काहीच येत नाही. सुरुवात कशानं करू?

अळसांदे, भेंडी आणि तांबडी भाजी. अळसांद्यांना माती फारशी कसदार लागत नाही, मुळांवरच्या गाठींमुळे ते हवेतला नत्र स्वतःच मिळवतात. भेंडीचं बी मोठं, मुलांच्या हातातही मावतं, दीड महिन्यात पहिली भेंडी लागते. तांबडी भाजी 25 ते 30 दिवसांत खुडायला येते. टोमॅटोपासून सुरुवात करू नका. प्रत्येकाला तेच हवं असतं आणि इथल्या मातीत सर्वांत आधी तेच मरतं (कारण प्रश्न 12 मध्ये).

5. वर्षभराचं वेळापत्रक काय? कोणत्या महिन्यात काय लावायचं?

मे महिन्याच्या शेवटी वाफे उंच करून घ्यायचे, मांडवाचे खांब रोवायचे. दोडका, पडवळ, काकडी, कारली यांची रोपं मृगाच्या आठवडाभर आधी करवंट्यांत करायची. करवंटीच्या डोळ्याचं भोक मोकळं केलं की पाणी साचत नाही. पहिला मोठा पाऊस होऊन जमीन गार झाली की रोपं आळ्यात. भेंडी आणि अळसांदे थेट वाफ्यात टोकायचे. हळद, आलं, सुरण आणि अळूचे कंदही याच सुमारास.

जुलैत नवीन काही लावायचं नाही. तो महिना निचरा, बांधणी आणि गोगलगायी वेचण्याचा. ऑगस्टच्या अखेरीस मिरची-वांग्याची रोपवाटिका आडोशाखाली टाकायची.

ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की दुसरा हंगाम. तांबडी भाजी, मुळा, मेथी दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरायची, म्हणजे सगळी एकदम तयार होत नाही. वांगी, मिरची यांची लागण, नोव्हेंबरमध्ये नवलकोल, कांदा. फेब्रुवारीपर्यंत हा हंगाम चालतो. मार्चपासून आम्ही वाफे कमी करत नेतो, एप्रिल-मेमध्ये बहुतेक जमीन पाल्याखाली झाकून ठेवतो. त्याचं कारण पाणी (प्रश्न 10).

6. पावसात सगळं कुजतं. जून ते सप्टेंबर बाग बंदच ठेवलेली बरी, नाही का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि आमचं उत्तर अगदी उलट आहे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. तरीही गोव्याच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या याच दिवसांत अंगणात मांडव चढतात आणि काकडी, दोडकी, चिबूड, भेंडी निघते. काणकोणची खोलाची मिरची, जिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावरच होते. तिथे उतार आहे, पाणी थांबत नाही. भाजी पावसानं कुजत नाही, मुळाशी साचलेल्या पाण्यानं कुजते.

म्हणून उद्यानाच्या सपाट जमिनीवर तो उतार आपण करून द्यायचा. वाफा किमान फूटभर उंच हवा आणि रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. ओल्या मातीवर एकदा पाय पडला की ती दबते आणि तिथे पाणी थांबतं. कडेला आम्ही तुटके चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावले आहेत. चिरेखाणीवर आणि बांधकामांवर तुकडे पडून असतात, विचारल्यावर बहुतेक जण देतात. दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवा. सिमेंटनं सांधे भरलेत तर वाफ्याचं टाकं होईल.

वाफ्यांमधली चर उद्यानाच्या गटाराकडे उतरती हवी. मे महिन्यात बादलीभर पाणी ओतून पाहा, कुठे अडतं ते तेव्हाच कळतं. वाफ्यावर सुक्या पाल्याचा तीन-चार बोटं जाड थर असला की पावसाचा मारा थेट मातीवर बसत नाही आणि माती उडून पानांवर चिकटत नाही. पानांवरचे बरेच रोग या उडणाऱ्या मातीतूनच येतात.

पावसाळ्यात खरंच न जमणाऱ्या गोष्टी दोन. बारीक बियांची पालेभाजी उघड्यावर टिकत नाही, कारण कोवळं रोप आडवं होतं आणि मानेशी कुजतं. टोमॅटोही नाही. पावसाळ्यासाठी प्रश्न 5 मध्ये सांगितलेल्या बाकी पिकांना पाऊस चालतो.

7. माती लाल, खडकाळ, चिऱ्याची आहे. यात काही उगवेल का?

उगवेल, पण आधी तिचं काम करावं लागेल. जांभ्या दगडापासून झालेल्या आपल्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, सेंद्रिय अंश कमी, आणि ती आम्लधर्मी असते. अशा मातीत स्फुरद घातला तरी तो लोहाशी बांधला जातो आणि झाडाला पुरेसा मिळत नाही. पावसानं बाकीची अन्नद्रव्यंही वाहून जातात. उपाय जुनाच आहे: कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दर हंगामाला घालत राहणं. एकदा ट्रकभर घातलं आणि झालं, असं होत नाही.

चुना घालायचा की नाही हे अंदाजानं ठरवू नका. माती तपासून घ्या. वाफ्यांच्या पट्ट्यात आठ-दहा ठिकाणी सहा इंच खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडायची, सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेवायची, सावलीत वाळवायची आणि आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारून तपासणीला द्यायची. उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र जुने गोवे इथे एलाला आहे, दक्षिण गोव्याचं मडगावला, तिथेही मार्गदर्शन मिळतं. अहवाल हातात आला की त्यात सांगितलेला चुना लागणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळायचा. चुना आणि ताजं शेण एकाच वेळी घालू नका, शेणातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. चुलीची राख असेल तर चौरस मीटरला दोन मुठी पुरे.

उद्यानात एक वेगळी अडचण असते. भराव टाकून सपाट केलेली जमीन खणली की विटांचे तुकडे, रंगाचे पोपडे, काचा निघतात. अशा जागी खाली खणत बसू नका. वर दीड फुटाचा वाफा बाहेरची चांगली माती आणून भरा. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं, आणि रताळी-मुळ्यासारखी कंदमुळं तर तिथे मुळीच नकोत.

8. बी कुठून आणता? पुढच्या वर्षासाठी घरचं बी ठेवता येतं का?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी बी आणि रोपं घेऊन बसणाऱ्या बायका असतात. भेंडीच्या शिरा किती, वांगं लांब की गोल, ते विचारून घ्या, त्या नीट सांगतात. एलाची भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी कृषी संशोधन संस्था स्थानिक वाणांवर काम करते, तिथे चौकशी करावी. फोंड्यात गोवा बागायतदारच्या दुकानात पाकिटातलं बियाणंही मिळतं.

घरचं बी ठेवायला अळसांदे, वाल, तांबडी भाजी सोपी. भेंडी परागसिंचनानं थोडी मिसळते, म्हणून बियांसाठी सात शिरांची भेंडी ठेवायची तर जवळपास दुसऱ्या जातीची लावू नये. संकरित बियाण्याच्या पाकिटातल्या भाजीचं बी ठेवू नका, पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत.

दुधी आणि काकडीच्या घरच्या बियांबाबत काळजी घ्या. रानटी किंवा कडू वेलीशी संकर झाला तर पुढचं फळ कडू निघू शकतं. शिजवण्याआधी प्रत्येक दुध्याचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळा दुधी फेकून द्या. थोडासाच कडू आहे, मीठ-गुळानं जाईल, असं म्हणू नका. कडू दुध्याच्या रसानं माणसं दगावली आहेत. हा नियम बागेत सगळ्यांना पाठ आहे.

9. उद्यानात मोठी झाडं आहेत, सावली पडते. फांद्या तोडू का?

परवानगीशिवाय नाही. गोव्यात 1984 पासून वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे आणि झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शिवाय ते झाड उद्यानात आपल्या आधीपासून आहे, आणि दुपारी त्याच्याखाली बसणारी माणसंही.

सावलीत होणारी पिकं निवडा. फळभाज्यांना सहा तास तरी थेट ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. अळू, आलं, हळद आणि सुरण विरळ सावलीत छान होतात, कुळागरात पोफळींखाली हेच तर असतं. झाडाच्या बुंध्याशी माती चढवू नका. साल दबून कुजते आणि दोन-तीन वर्षांत झाड खचतं.

10. पाणी कुठून? उद्यानाचा नळ वापरता का?

पावसाळ्यात प्रश्न नाही. हिवाळ्यात उद्यानाच्या विहिरीचं पाणी झारीनं, सकाळी लवकर, मुळाशी घालतो. पिण्याचं नळाचं पाणी भाजीला वापरत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणारी घरं आसपास असताना ते करणं आम्हाला पटतही नाही. म्हणूनच उन्हाळ्यात बाग आखडती घेतो. किनाऱ्याजवळ राहत असाल तर मार्चनंतर विहिरीच्या पाण्याची चव घेऊन पाहा, खारटपणा जाणवला तर मिरची आधी माघार घेईल.

साठवलेल्या पाण्याच्या पिंपावर बारीक जाळी हवीच. डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो, म्हणून रविवारच्या कामाची सुरुवातच बादल्या, करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या करण्यानं होते. आरोग्य खात्याची माणसं तपासणीला आली तर त्यांना आनंदानं सगळं दाखवा.

11. घरचा ओला कचरा आणून टाकला तर चालेल का? माशांची खवलं, सुंगटांची (कोळंबीची) सालं?

भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं जरूर आणा. खताच्या खड्ड्याशेजारी सुक्या पाल्याची गोणी ठेवलेली असते. एक बादली ओल्यावर तीन बादल्या पाला, हे प्रमाण पाळलं की वास येत नाही. उद्यानाचा झाडलेला पाला पूर्वी एका कोपऱ्यात जाळला जायचा, आता तो सगळा खड्ड्यात येतो, आणि बागेचं आमच्या मते सर्वांत उपयोगी काम हेच आहे.

मासळीचं खत गोव्याला नवीन नाही, माडांना ते घालतच आले आहेत. पण उद्यानात, उघड्या खड्ड्यात मासळी नको. मांजरं, कुत्रे, उंदीर येतात, आणि उंदरांमागून साप. आणायचीच असेल तर रविवारी, ताजी आणि मीठ न लावलेली आणा. केळीपासून हातभर अंतरावर दीड-दोन फूट खोल खड्डा करून ती पुरतो. खाऱ्या मासळीचं पाणी कुठेही ओतू नका.

12. वांगी, मिरची, टोमॅटोची झाडं हिरवीगार असतानाच एका दिवसात माना टाकतात. पाणी घातलं तरी उठत नाहीत. असं का होतं?

हा बहुधा जिवाणूजन्य मर रोग असतो. किनारपट्टीच्या आम्ल, दमट मातीत तो ठाण मांडून बसलेला असतो. खात्री करायची सोपी रीत आहे. मानेजवळची दोन इंच खोडाची कांडी कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभी धरा. कापलेल्या टोकातून काही मिनिटांत दुधासारखी पांढरी धार खाली उतरली तर मर रोगच. धार नाही, आणि मुळं काळी, बुळबुळीत झाली असली तर दोष साचलेल्या पाण्याचा, प्रश्न 6 पाहा.

मर झालेल्या झाडावर फवारणीचा उपयोग नाही. झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह उपटून बाहेर न्या, खताच्या खड्ड्यात टाकू नका. कुदळ धुवून घ्या. त्या वाफ्यात निदान तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा यांपैकी काहीही नको. त्या जागी भेंडी, अळसांदे, मुळा, काकडी चालेल. पुढच्या वेळी रोगाला तोंड देणाऱ्या वांग्याची जात एलाच्या संस्थेत विचारा, आणि जमलं तर रानवांग्यावर कलम केलेली रोपं मिळवा. चार ठिकाणची रोपं आणून त्याच वाफ्यात पुन्हा पुन्हा लावत राहणारे फार भेटतात. जंतू मातीत आहे, रोप बदलून तो जात नाही.

13. दोडक्याला फुलं भरपूर, फळ एकही नाही. काय चुकतंय?

आधी नर फुलं येतात, मागून मादी, त्यामुळे पहिले काही दिवस वाट पाहा. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ आधीच दिसतं. मादी फुलं येऊनही ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. झडीच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. काकडी आणि कारल्याला हे सकाळी, दोडका आणि दुध्याला संध्याकाळी, कारण ती फुलं संध्याकाळी उमलतात. वेळ चुकली तर मेहनत वाया.

फळ धरतं पण वाकडं होऊन आतून सडतं, अळ्या निघतात, तर ती फळमाशी. सापळा घेताना नीट विचारा. आंब्याच्या फळमाशीचं आमिष मिथाइल युजेनॉल, वेलभाज्यांच्या माशीचं क्यू ल्यूर. दुकानातून बहुतेकांना पहिलंच मिळतं, आणि मग सापळा चालत नाही अशी तक्रार येते. सडकी फळं रोज गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा, मातीत पडू देऊ नका.

14. मोठ्या शंखाच्या गोगलगायी एका रात्रीत रोपं फस्त करतात. मीठ टाकू का?

वाफ्यावर मीठ नको, माती बिघडते. ही आफ्रिकेतून आलेली मोठी गोगलगाय, एका वेळी शंभरावर अंडी घालते. संध्याकाळी ओली गोणपाटं आणि पपईची पानं वाफ्यांशेजारी अंथरा, रात्री नऊनंतर विजेरी घेऊन त्याखालून वेचा, बादलीतल्या कडक मिठाच्या पाण्यात टाका आणि नंतर खोल पुरा. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका आणि मुलांना लावू देऊ नका. तिच्यातल्या सूक्ष्म कृमीमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. याच कारणासाठी पावसाळ्यात बागेतलं काहीही न धुता तोंडात टाकायचं नाही. पहिल्या पावसानंतरचे दोन आठवडे नेटानं वेचलं तर पुढचा हंगाम हलका जातो.

15. माकडं आली तर?

आमच्याकडे अधूनमधून येतात. मांडवावर जाळी, फळं थोडी कोवळीच काढणं आणि उद्यानात कुणी त्यांना खायला न घालणं, एवढं करतो. फटाके, गलोल, विष, विजेचं कुंपण यांतलं काहीही नाही. टोळी मुक्कामालाच राहिली तर वन खात्याला कळवा. सुरण, मिरची आणि हळद त्यांना फारशी आवडत नाही, म्हणून कडेच्या वाफ्यांत ती लावा.

16. रासायनिक औषध थोडं मारलं तर काय बिघडतं?

ही जागा सार्वजनिक आहे. वाफ्याला लागून घसरगुंडी आहे, फवारलेलं पान कुठलं मूल हातात घेईल सांगता येत नाही. मावा आणि तुडतुड्यांसाठी निंबोळी अर्क पुरतो: अर्धा किलो सुक्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून 10 लिटर पाणी करायचं, थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारायचं. पाऊस पडून गेला की पुन्हा मारावं लागतं. तणनाशक तर उद्यानाच्या वाटांवरही मारू नये अशी आमची पालिकेला विनंती आहे.

17. भाजी कुणाला मिळते? विकता का?

रविवारी निघालेली भाजी त्या दिवशी कामाला आलेल्यांत सारखी वाटली जाते. घरात माणसं किती हे पाहून थोडं कमीजास्त होतं, त्यावर आजवर वाद झालेला नाही. आजारी किंवा वयस्क शेजाऱ्यांचा वाटा आधी काढून ठेवतो. विकत नाही, कारण सार्वजनिक जमिनीवरच्या भाजीचे पैसे कुणाच्या खिशात गेले हा प्रश्न एकदा उभा राहिला की बाग मोडते.

फिरायला येणाऱ्यांनी चार मिरच्या तोडल्या तर आम्ही काही म्हणत नाही. कडेचा एक वाफा मुद्दाम कुणीही खुडावा यासाठीच आहे, तशी पाटी लावली आहे. ती लावल्यापासून आतल्या वाफ्यांना हात लागणं जवळजवळ थांबलं.

18. चवथीच्या माटोळीसाठी काही मिळेल का?

मिळेल, आणि हा प्रश्न आला की आम्हाला बरं वाटतं. गणपतीवर टांगलेल्या माटोळीत तवसं (मोठी काकडी), चिबूड, दोडकी, भोपळा, सुपारीचे घोस, रानातली फळं असं सगळं असतं, आणि बाजारात त्या आठवड्यात दर चढलेले असतात. म्हणून काकडी-दोडक्याची लागण आम्ही चवथीची तारीख पाहून मागे मोजत ठरवतो: काकडीला दीड महिना, दोडक्याला दोन महिने. चवथ ऑगस्टअखेरीस आली तर मृगाची लागण बरोबर बसते, सप्टेंबरच्या मध्यावर आली तर काही आळी जुलैत धरावी लागतात. जुलैत नवीन लागण नाही या नियमाला (प्रश्न 5) एवढाच अपवाद.

नावनोंदणी आदल्या रविवारपर्यंत. एका घराला एक तवसं आणि दोन दोडकी, कामाला येत नसलात तरी. माटोळीतलं उतरल्यावर देठं-पानं खताच्या खड्ड्यात परत आणून द्या.

19. कुंपणाशी उगवलेला टायकिळा (टाकळा) आणि अळू न्यावं का?

टायकिळा कोवळा असताना न्या, पण रस्त्याकडच्या बाजूचा नको, तिथे कुत्रे फिरतात आणि गटाराचं पाणी येतं. आपोआप आलेलं अळू ओळखता येत नसेल तर सोडून द्या. खाजरं असतं ते घसा धरतं, चिंच किंवा भिंडाची सोलं (कोकम) घालून नीट शिजवावं लागतं. भूछत्रं मात्र उद्यानातली कधीही खाऊ नका, ओळखीची वाटली तरी.

20. सापांची भीती वाटते. मुलांना आणावं का?

आणा, बंद बूट घालून. पाल्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवायचं, ही सवय लावा. साप दिसला तर सगळ्यांनी मागे व्हायचं आणि वन खात्याला किंवा अग्निशामक दलाला बोलवायचं, मारायचं नाही. चावला तर 108. जखम कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. माणसाला स्वस्थ ठेवा आणि थेट इस्पितळात न्या.

सापापेक्षा आम्हाला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) काळजी जास्त वाटते. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरेतून हा आजार शिरतो. पायाला जखम असेल त्या रविवारी चिखलात उतरू नका, आणि पावसाळ्यात ताप आला तर बागेत काम करता हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

21. भाजी लावली म्हणून पुढे कुणी कूळ म्हणून हक्क सांगेल का?

गोव्यात हा प्रश्न येणारच, 1964 च्या कूळ कायद्याचे खटले अनेक घरांनी पाहिलेले आहेत. आमच्या बागेत कुणाच्याही नावावर वाफा नाही, खंड किंवा भाडं घेतलं-दिलं जात नाही, आणि जमिनीवर कोणताही हक्क सांगणार नाही असं प्रत्येक जण सही करून देतो. पालिकेची परवानगी ठरावीक मुदतीची आहे. खासगी भाटात (बागायतीत) किंवा कोमुनिदादच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) जागेत असं काही करायचं असेल तर तोंडी बोलण्यावर जाऊ नका, मालकाशी लेखी करार करा आणि आधी वकिलाला दाखवा. चांगल्या हेतूनं दिलेल्या जमिनीवरून भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, उद्या झोप उडायला नको.

22. आमच्या वॉर्डातही सुरू करायचं आहे. परवानगी कुणाची?

आधी उद्यान कुणाचं ते पाहा. शहरात बहुधा पालिकेचं, पणजीत महानगरपालिकेचं, गावात पंचायतीचं. काही उद्यानं वन खात्याकडे किंवा इतर सरकारी संस्थांकडे असतात. पालिकेत अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, आणि नगरसेवकाला आधी भेटा. गावात विषय ग्रामसभेत मांडा, म्हणजे नंतर कुणी आम्हाला विचारलंच नाही असं म्हणणार नाही. अर्जात पट्ट्याची लांबी-रुंदी, पाणी कुठून, अवजारं कुठे, पक्कं बांधकाम नाही, आणि बाग बंद झाली तर जागा पूर्ववत करून देणार, एवढं हवं. एक साधा नकाशा जोडा. आम्ही सुचवतो की पहिल्या वर्षी चारच वाफे मागा.

पणजीच्या गार्सिया द ऑर्ता उद्यानासारख्या जुन्या, वारशाच्या बागांत खणायला जाऊ नका. खेळाच्या मैदानाचा तुकडाही मागू नका. मुलांचं क्रिकेट बंद करून लावलेली भेंडी कुणालाच गोड लागणार नाही. कुंपणालगतच्या, कुणी न वापरणाऱ्या पट्ट्या प्रत्येक उद्यानात असतात.

23. उद्यान खाजन जमिनीला (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल जमिनीला) लागून आहे, भरतीला जमिनीत खार येतो. तिथे जमेल?

जमिनीत नाही, वर जमेल. दोन फूट उंच वाफे, तळाशी चिऱ्यांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणांचा थर, त्यावर आणलेली माती. पावसाळ्यात गोडं पाणी खार खाली ढकलतं, म्हणून जून ते ऑक्टोबर एवढाच हंगाम धरा. तांबडी भाजी थोडा खारटपणा सोसते, मिरची सोसत नाही. नोव्हेंबरनंतर वाफ्यावर पांढरा थर दिसू लागला की त्या वर्षापुरतं थांबा, वाफे झाकून ठेवा, आणि मे अखेरीस पुन्हा वाफे भरायला घ्या.